तळ्याच्या गाळातून जुना पाऊस कसा कळतो? लोणारच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातल्या पावसाच्या नोंदी फार जुन्या नाहीत. मद्रासच्या १८१३ पासूनच्या आहेत. संपूर्ण देशाच्या मॉन्सूनची सलग आकडेवारी १८७१ पासूनची, आणि हवामान खातं १८७५ मध्ये सुरू झालं. त्याआधीच्या हजारो वर्षांच्या पावसाबद्दल जे कळतं, त्यातला मोठा वाटा तळ्यांच्या तळाशी साचलेल्या गाळाचा आहे. या अभ्यासासाठी देशातल्या उत्तम जागांपैकी एक आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. म्हणून बहुतेक उत्तरं लोणारला धरून दिली आहेत.

गाळाचा आणि पावसाचा संबंध काय?

तळ्यात दरवर्षी काही ना काही साचतं. पावसाच्या पाण्याबरोबर काठावरची माती आणि दगडाचा बारीक चुरा येतो. वाऱ्याबरोबर धूळ आणि परागकण येतात. पाण्यात वाढलेली शेवाळं आणि सूक्ष्मजीव मरून तळाशी जातात. पाण्यात विरघळलेले क्षार, परिस्थिती जुळली की, स्फटिक होऊन खाली बसतात. या चारही गोष्टींचं प्रमाण पाऊसमानाप्रमाणे बदलतं. नवा गाळ जुन्यावर बसत असल्यामुळे खाली जावं तसा काळ मागे जातो.

एक अट मात्र आहे. गाळ बसल्यावर तो कोणी ढवळता कामा नये. तळाशी प्राणवायू असेल तर किडे आणि गोगलगायी चिखल उकरतात आणि शंभर-दोनशे वर्षांचा माल एकमेकांत मिसळतो. लोणारच्या तळाशी प्राणवायू जवळपास नसतोच. त्या उग्र वासाच्या काळ्या चिखलाला लोक नाक मुरडतात, पण तो तसा आहे म्हणूनच त्यातले थर शाबूत राहिले.

लोणारच का? महाराष्ट्रात इतके तलाव आहेत.

तलाव आहेत, पण त्यातले बहुतेक माणसांनी बांधलेले. बंधारा जितका जुना, तितकाच गाळ जुना. दख्खनच्या पठारावर हजारो वर्षं एकाच जागी असलेली नैसर्गिक तळी फार थोडी.

लोणारची रचना या कामाला विलक्षण सोयीची आहे. उल्कापाताने बसाल्टमध्ये झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. त्यात पाणी येण्याचे मार्ग तीनच: पाऊस, विवराच्या आतल्या उतारांवरून येणारं पाणी आणि धारेसारखे झरे. बाहेर जायला ओढा नाही. आत आलेलं पाणी मुख्यतः वाफ होऊनच जातं. पाऊस सलग कमी झाला की पाणी उतरतं आणि क्षार वाढतात, पाऊस वाढला की उलट होतं. मोठी नदी ज्या तळ्याला मिळते, तिथला गाळ दोनशे किलोमीटर लांबच्या पावसाचीही कहाणी सांगतो आणि नेमकं कुठलं ऐकतोय ते कळत नाही. लोणारचं पाणलोट क्षेत्र विवरापलीकडे फारसं जात नाही.

दुसरं कारण भूगोलाचं. हवामानशास्त्रज्ञ ज्याला मॉन्सूनचा गाभ्याचा प्रदेश म्हणतात, त्या मध्य भारताच्या पट्ट्यात लोणार येतं. या पट्ट्यातला पाऊस देशाच्या एकूण मॉन्सूनबरोबर वर-खाली होतो. राजस्थानात आणि हिमालयात तळ्यांचा अभ्यास आधीपासून होत होता. या मधल्या पट्ट्यातल्या जुन्या पावसाची तपशीलवार नोंद मात्र लोणारच्या अभ्यासापर्यंत नव्हती.

गाळ बाहेर कसा काढतात?

तळ्याच्या मध्यावर तरंगता तराफा नांगरतात. त्यावरून पोकळ नळी तळात सरळ खाली दाबतात. नळीत दट्ट्या असतो, त्याच्या ओढीमुळे मऊ गाळ दबून न जाता अखंड वर येतो. या दंडाला सगळे ‘कोअर’ म्हणतात. एका वेळी काही मीटरच निघतात. म्हणून शेजारीच दुसरं भोक घेतात, पण थोड्या वेगळ्या खोलीपासून, म्हणजे पहिल्याचे सांधे दुसऱ्यात अखंड सापडतात.

लोणारमध्ये २००८ साली भारतीय आणि जर्मन संशोधकांनी मिळून असा सुमारे १० मीटरचा कोअर काढला; त्यात सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ आहे. प्रयोगशाळेत कोअर उभा चिरतात. एक अर्धा भाग तपासणीला वापरतात आणि दुसरा थंड जागी राखून ठेवतात. राखून ठेवलेला भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आज ज्या पद्धती ठाऊक नाहीत, त्या वीस वर्षांनी त्याच गाळावर वापरता येतात.

थर किती वर्षांपूर्वीचा, हे कसं ठरवतात?

मुख्य साधन म्हणजे किरणोत्सारी कार्बन, कार्बन-१४. झाड जिवंत असताना हवेतला कार्बन घेतं. ते मेलं की कार्बन-१४ घटू लागतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. गाळात पान, काडी किंवा बी सापडलं की उरलेल्या प्रमाणावरून वय निघतं. साधारण ५०,००० वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही.

यात एक खाच आहे आणि ती लक्षात न घेतल्याने अनेक जुन्या तारखा चुकल्या. पाण्यातल्या शेवाळाला कार्बन पाण्यातून मिळतो आणि क्षारयुक्त पाण्यात विरघळलेला कार्बन बऱ्याचदा जुना असतो. त्यामुळे काल मेलेलं शेवाळसुद्धा शेकडो वर्षांचं निघू शकतं. म्हणून जमिनीवरच्या झाडाचं पान मिळालं तर ते सोन्यासारखं. एखाद्या अभ्यासात तारखा कशावर घेतल्या आहेत, हे आधी पाहावं. नुसत्या चिखलावर घेतलेल्या असतील तर मी तो निष्कर्ष जरा हातचा राखून वाचतो.

शिवाय हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण काळानुसार बदलत आलं आहे, म्हणून आलेलं वय दुरुस्त करावं लागतं. या दुरुस्तीच्या तक्त्यातला मोलाचा भाग जपानच्या सुइगेत्सू सरोवरातून आला. तिथे दरवर्षी वेगळा दिसणारा थर बसतो आणि त्यात झाडांची पानं दबलेली असतात. थर मोजून खरं वर्ष आणि पान तपासून कार्बनचं वय, असं दोन्ही एकाच जागी मिळतं.

अगदी वरच्या, शे-दीडशे वर्षांच्या गाळासाठी शिसं-२१० हे किरणोत्सारी शिसं वापरतात. सिझियम-१३७ ही आणखी एक खूण: अणुचाचण्यांमुळे जगभर पसरलेला हा पदार्थ १९६३ च्या सुमाराच्या थरात सर्वांत जास्त सापडतो.

शास्त्रीय लेखांत ‘आजपासून इतकी वर्षं आधी’ असं लिहिलं की ‘आज’ म्हणजे १९५० धरायचं. खाली दिलेली वर्षंही तशीच मोजलेली आहेत.

दहा मीटर गाळ अकरा हजार वर्षांचा. मग लोणारचं विवर तेवढंच जुनं का?

नाही. दहा मीटर हा वरचा छोटासा भाग आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विवरात खोल छिद्रं घेतली गेली तेव्हा गाळाची जाडी शंभर मीटरच्या आसपास निघाली. त्याखाली उल्केच्या धडकेने फुटलेला खडक आहे. विवराच्या वयाबद्दल मतभेद होते. एका पद्धतीने ते ५२,००० वर्षांच्या आसपास येत होतं आणि अजूनही अनेक पाट्यांवर आणि पुस्तकांत तोच आकडा दिसतो. २०११ मध्ये धडकेत वितळलेल्या खडकावर आर्गॉन पद्धतीने काढलेलं वय सुमारे ५,७०,००० वर्षं आलं. दोन आकड्यांत दसपटीहून जास्त फरक आहे. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो, कारण वितळलेल्या खडकातलं घड्याळ त्या धडकेच्या क्षणी नव्याने सुरू होतं.

गाळात नेमकं काय तपासतात?

आधी डोळ्यांनी रंग आणि पोत पाहतात. मग कोअरवरून क्ष-किरणांचं यंत्र फिरवून टायटॅनियम, लोह, कॅल्शियम अशी मूलद्रव्यं अगदी जवळजवळच्या अंतरांवर मोजतात. टायटॅनियम आणि लोहाचे चुंबकीय कण बसाल्टमधून येतात, म्हणजे ते वाढले की उतारावरून जास्त माती वाहून आली. इथे घाईने ‘जास्त पाऊस’ म्हणता येत नाही. झाडोरा कमी झाला आणि मोजक्याच पण जोरदार सरी पडल्या, तरी माती जास्त वाहते. दुष्काळी भागातला कुठलाही शेतकरी हे सांगेल. त्यामुळे एका खुणेवर निकाल देत नाहीत.

परागकण हजारो वर्षं टिकतात. जंगलातली झाडं, गवतं, पाणथळ वनस्पती यांचे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजतात. वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचे कण ढिगाने सापडतात आणि कीटकांवर विसंबणाऱ्या झाडांचे मोजके. म्हणून आधी आजच्या विवरातलं जंगल आणि आजच्या गाळातले पराग यांचा मेळ तपासावा लागतो. लोणारला असा वेगळा अभ्यास झाला आहे.

मला सर्वांत आवडणारी खूण म्हणजे पानांवरचं मेण. प्रत्येक पानावर मेणाचा पातळ थर असतो, तो गाळात विलक्षण टिकून राहतो. त्यातला कार्बन सांगतो की झाड कुठल्या प्रकारचं होतं. बहुतेक झाडं एका पद्धतीने कार्बन बांधतात. ज्वारी, मका, ऊस आणि उष्ण प्रदेशातली बरीच गवतं दुसऱ्या पद्धतीने बांधतात, आणि कोरड्या, गवताळ दिवसांत त्यांचा वाटा वाढतो. त्याच मेणातला हायड्रोजन पावसाच्या पाण्यातून आलेला असतो. त्यातल्या जड आणि हलक्या हायड्रोजनच्या प्रमाणावरून पाऊस किती जोरकस होता आणि ढग कुठल्या समुद्रावरून आले, याचाही अंदाज बांधता येतो. लोणारच्या मेणावर काम करणाऱ्यांनी असं मांडलं आहे की होलोसीन काळाच्या (म्हणजे हिमयुग संपल्यापासून आजपर्यंतच्या काळाच्या) मध्यावर, हवामान कोरडं होत असताना, इथे पाऊस आणणाऱ्या बाष्पाचा स्रोतही बदलला.

आणि मग गेलुसाइट. हे सोडियम आणि कॅल्शियमच्या कार्बोनेटचे स्फटिक आहेत. पाण्यात सोडा खूप वाढला की ते तळाच्या चिखलात वाढतात. तळं भरलेलं असताना ते होत नाहीत. कोअरमध्ये ठराविक पट्ट्यांतच ते सापडले, मधल्या जाड थरांत अजिबात नाहीत. बाष्पीभवनाने पाणी आटत गेल्याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. इतर खुणांचा अर्थ लावावा लागतो, गेलुसाइट मात्र सरळ सांगतो की त्या दिवसांत पाणी खूप खारट होतं.

मग लोणारने काय सांगितलं?

सुमारे ११,००० वर्षांपूर्वी, हिमयुग संपल्यावर, मॉन्सून जोरात सुरू झाला. पुढची कित्येक हजार वर्षं पाऊस आजच्यापेक्षा चांगला होता आणि तळं भरलेलं असे. याचं मूळ पृथ्वीच्या कक्षेत आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीत असते. त्या काळी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ असे. आशियाची जमीन जास्त तापायची आणि समुद्रावरून जास्त बाष्प ओढलं जायचं. ही स्थिती हळूहळू बदलली आणि साधारण ६,००० वर्षांपूर्वीपासून कोरडेपणा वाढत गेला.

या उतरत्या कलावर दोन ठळक टप्पे उमटले आहेत: पहिला ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. गेलुसाइटचे पट्टे याच टप्प्यांत येतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यांना ‘दीर्घ दुष्काळ’ म्हटलं. त्याचा संबंध हिंदी महासागर आणि पॅसिफिक यांच्यामधल्या उष्ण पाण्याच्या पट्ट्याशी जोडला आहे: हा पट्टा तापला की हवेच्या मोठ्या चक्राची जागा बदलते आणि भारतावरचा पाऊस कमकुवत होतो. एल निनोसारख्या स्थितीचा आपल्या मॉन्सूनवरचा दीर्घकालीन प्रभाव सुमारे २,००० वर्षांपूर्वीच सुरू झाला, असंही त्यात म्हटलं आहे. आज दर उन्हाळ्यात ज्याच्या नावाने आपण धास्तावतो, तो या अर्थाने तुलनेने नवा पाहुणा ठरतो.

चौदाशे वर्षं दुष्काळ? त्या काळात तर अजिंठ्याची लेणी झाली!

हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

२,००० ते ६०० वर्षांपूर्वी म्हणजे ढोबळमानाने इसवी सनाच्या सुरुवातीपासून १३५० पर्यंत. सातवाहन, वाकाटक, राष्ट्रकूट, यादव हे सगळे या टप्प्यात येतात. वाकाटकांची एक राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, लोणारच्या शेजारच्याच जिल्ह्यात. अजिंठ्याची प्रसिद्ध चित्रं पाचव्या शतकातली. लोणार गावातलं दैत्यसूदनाचं मंदिरही याच टप्प्यातलं.

इथे ‘दुष्काळ’ हा शब्द आपण गावात वापरतो तसा घेऊ नये. पाऊसच पडला नाही असा त्याचा अर्थ नाही. अनेक दशकं किंवा शतकभर मॉन्सून सरासरीने कमकुवत राहिला, असे कालखंड त्या टप्प्यात वारंवार आले, एवढंच गाळ सांगतो. त्या आत चांगली वर्षंही असणारच. राज्य, व्यापार, नदीकाठची शेती, साठवलेलं पाणी, यांच्या जोरावर माणसं कमी पावसातही उभी राहतात. याच अभ्यासात मध्य भारतातल्या शेतकरी वस्त्या दोन दीर्घ दुष्काळांच्या मधल्या काळात भरभराटीला आल्या, असंही म्हटलं आहे. वस्त्यांच्या बाबतीत ते पटण्यासारखं आहे. पण त्यावरून ‘कमी पाऊस म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास’ असं सरसकट समीकरण मांडलं, तर अजिंठा समोर उभा राहतो.

हडप्पा संस्कृती पावसाअभावी बुडाली, हे गाळाने सिद्ध केलं ना?

सिद्ध हा शब्द फार मोठा आहे.

या वादाची सुरुवातच तळ्याच्या गाळातून झाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला परागकणांचे अभ्यासक गुरदीप सिंग यांनी सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या राजस्थानातल्या खाऱ्या तळ्यांतले परागकण तपासून हडप्पाच्या भरभराटीचा संबंध चांगल्या पावसाशी आणि ऱ्हासाचा कोरडेपणाशी जोडला. मग १९९९ मध्ये लुणकरणसरचा जास्त काटेकोर तारखांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की ते तळं हडप्पाची मोठी शहरं उभी राहण्याच्या कित्येक शतकं आधीच आटलं होतं. २०१४ मध्ये हरियाणातल्या कोटला दहर या जुन्या तळ्यातल्या गोगलगायींच्या शंखांवरून सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी मॉन्सून अचानक कमजोर झाल्याचं निघालं, आणि ही वेळ शहरांच्या उतरत्या काळाशी जुळते.

आता लोणार घ्या. पहिला दीर्घ दुष्काळ ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे इसवी सनपूर्व २६५० ते १९५०. हडप्पाची नागर अवस्था साधारण इसवी सनपूर्व २६०० ते १९००. म्हणजे लोणारचं पाणी आटत होतं तेव्हा मोहेंजोदडो बहरात होतं! यात विरोधाभास नाही. सिंधूच्या खोऱ्याला हिमालयातल्या नद्यांचं पाणी आणि हिवाळी पाऊसही मिळतो, विदर्भाचं तसं नाही. बुलढाण्याच्या तळ्यावरून मोहेंजोदडोचा निकाल लावू नये, आणि राजस्थानच्या एका तळ्यावरूनही नाही.

आणि इनामगाव?

घोड नदीकाठच्या इनामगावात (तालुका शिरूर) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथले ताम्रपाषाणयुगीन शेतकरी इसवी सनपूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास नांदत होते. इसवी सनपूर्व १००० च्या आसपास त्यांची घरं लहान होतात, शेती आखडते, जनावरं आणि शिकार यांवरचा भर वाढतो. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी याचं कारण वाढता कोरडेपणा असं मांडलं.

लोणारच्या दोन दीर्घ दुष्काळांपैकी एकही त्या वेळी चालू नव्हता. पण म्हणून ढवळीकर चुकले असं मी म्हणणार नाही. दोन-तीन पिढ्यांचा तुटवडा एका गावाला पुरेसा असतो आणि तेवढा छोटा काळ गेलुसाइटचा पट्टा तयार व्हायला पुरेसा असेलच असं नाही. या दोन पुराव्यांची मोजपट्टीच वेगळी आहे.

१९७२ चा दुष्काळ गाळात दिसतो का? पाऊस किती मिलिमीटर होता, ते कळतं का?

पहिल्याचं उत्तर: एकट्या वर्षाचा दुष्काळ नाही दिसत. दहा मीटरमध्ये अकरा हजार वर्षं म्हणजे एक सेंटिमीटर गाळ साचायला सरासरी अकरा वर्षं लागली. एका नमुन्यात अनेक वर्षांची सरमिसळ असते. सुइगेत्सूसारखे वर्षावर्षाचे थर असतील तर गोष्ट वेगळी.

मिलिमीटरचं उत्तरही बहुधा ‘नाही’ असंच आहे. गाळ सांगतो ते पाऊस वजा बाष्पीभवन याबद्दल. उष्णता वाढली आणि पाऊस तेवढाच राहिला, तरी तळं उतरतं. आजच्या अनेक तळ्यांतले पराग आणि पाऊस यांची सांगड घालून जुन्या पावसाचे आकडे काढण्याच्या सांख्यिकी पद्धती आहेत, पण त्यातली अनिश्चितता मोठी असते. ‘पाच हजार वर्षांपूर्वी इथे अमुक मिलिमीटर पाऊस पडे’ असं ठाम वाक्य बातमीत दिसलं, तर मूळ लेखात त्यामागे किती कमी-जास्त धरलं आहे ते शोधा.

२०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. तसं पूर्वीही झालं असेल का?

जून २०२० मध्ये पाणी उतरून खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव सापडले. गेलुसाइट ज्या काळात तयार होत होता, तेव्हा पाणी याहून जास्त खारट असण्याची शक्यता आहे, त्यामुळे गुलाबी दिवस आधीही आले असावेत. अशा सूक्ष्मजीवांच्या पेशींमधले काही मेदपदार्थ गाळात टिकतात, त्यामुळे हा प्रश्न तपासण्याजोगा आहे.

गुहेतले लवणस्तंभ जास्त अचूक असतात ना?

तारखांच्या बाबतीत, हो. लवणस्तंभ म्हणजे गुहेत ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून तयार झालेले खांब. त्यांचं वय युरेनियम-थोरियमने काढतात आणि ते फार नेमकं येतं. होलोसीनच्या शेवटच्या टप्प्याला २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळालं, तेही मेघालयातल्या मॉमलुह गुहेतल्या लवणस्तंभावरून. त्यात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीचा बदल दिसतो. छत्तीसगडच्या दंडक गुहेतल्या लवणस्तंभात चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या कमजोर मॉन्सूनच्या खुणा आहेत, आणि आपल्याकडे परंपरेने १३९६ पासूनचा म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळातला आहे. झाडांची वलयं तर वर्षागणिक बोलतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवर काम झालं आहे. पण सागाची नोंद काही शतकांची.

लवणस्तंभासाठी चुनखडी लागते आणि दख्खनचं पठार बसाल्टचं. महाराष्ट्राच्या मोठ्या भागासाठी गाळाला पर्याय नाही. शिवाय लवणस्तंभ पावसाबद्दल सांगतो, पण त्या वेळी जंगल होतं की गवताळ माळ, जमीन धुपत होती का, हे तळंच सांगतं.

हवामान पूर्वीही बदलत होतं, मग आताच कशाला काळजी?

पूर्वी बदलत होतं हे आपल्याला याच अभ्यासामुळे कळलं, आणि त्यातूनच काळजी वाढते. निव्वळ नैसर्गिक कारणांनी मध्य भारतात शतकभराचा कमकुवत मॉन्सून येऊ शकतो, हे लोणारने दाखवलं. आपली धरणं, पीकपद्धती, उसाचं क्षेत्र आणि शहरांचा पाणीपुरवठा गेल्या दीडशे वर्षांच्या नोंदी पाहून आखलेले आहेत. त्या नोंदींत असा एकही काळ नाही. समुद्राचा उष्ण पट्टा तापल्याने दीर्घ दुष्काळ आले, हे म्हणणं बरोबर असेल, तर तोच समुद्र आज माणसाच्या उत्सर्जनामुळे तापतो आहे. फक्त जुनं हवामान जसंच्या तसं परत येईल असं धरून चालू नये. उष्ण हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे मोठ्या सरी आणि लांब खंड दोन्ही वाढू शकतात.

आमच्या गावच्या तळ्यातला गाळ काढून शेतात टाकला. जुनी नोंद नष्ट झाली का?

पाझर तलाव किंवा धरणाचा गाळ असेल तर निर्धास्त राहा. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेत निघणारा गाळ काही दशकांचा असतो. त्याने पाणीसाठा वाढतो, जमीन सुधारते, ते चांगलंच आहे.

नैसर्गिक पाणथळीची गोष्ट वेगळी. पठारावरच्या उथळ, हंगामी डबक्यांनाही कमी लेखू नये. साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या अशाच हंगामी तळ्याच्या गाळातून आघारकर संस्था आणि तिरुअनंतपुरमच्या राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अभ्यास केंद्राने सुमारे आठ हजार वर्षांच्या मॉन्सूनचा मागोवा घेतला आहे, तोही पराग आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांवरून. सुशोभीकरणाच्या नावाखाली अशी जागा जेसीबीने खरवडली की काही तासांत हजारो वर्षांचे थर ट्रॉलीत जातात. कोणीही बांधल्याची आठवण किंवा कागद नसलेलं तळं तुमच्या गावात असेल, तर खोदाईआधी जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला कळवा. लोणारमधून मात्र स्वतः माती किंवा स्फटिक उचलू नका. ते वन्यजीव अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० पासून रामसर स्थळही (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ). नमुन्यांसाठी वन विभागाची परवानगी लागते.

या विषयात काम करायचं तर काय शिकावं?

भूशास्त्र, वनस्पतीशास्त्र, रसायनशास्त्र, पुरातत्त्व, यांपैकी कुठूनही येता येतं. परागांसाठी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, समस्थानिकांसाठी (एकाच मूलद्रव्याच्या जड-हलक्या रूपांसाठी) अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा, पुरातत्त्वासाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज ही जुनी आणि भक्कम ठिकाणं. वनस्पती ओळखायला आत्तापासून शिका. परागकण मोजायला यंत्र मदत करतं, पण समोरचं झाड ओळखता येत नसेल तर आकड्यांचा अर्थ लागत नाही.

लोणारमध्ये पुढचं मोठं काम कोणतं?

माझ्या मते, खालचा गाळ. विवर खरोखर पाच लाखांहून जास्त वर्षांचं असेल, तर त्या शंभर मीटरमध्ये अनेक हिमयुगं आणि त्यांच्या मधले उबदार काळ दबलेले असू शकतात. त्यात सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीचा काळही येतो, जेव्हा पृथ्वी आजच्या औद्योगिक युगाच्या आधीपेक्षा थोडी उष्ण होती आणि समुद्राची पातळी कित्येक मीटर वर होती. तशा जगात मध्य भारतावर पाऊस कसा पडत होता, हे आपल्याला आज फार उपयोगी पडेल. तिथे कार्बन-१४ चालणार नाही. वाळूच्या कणांवर शेवटचा प्रकाश कधी पडला हे सांगणाऱ्या पद्धती आणि गाळात नोंदलेल्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बदल वापरावे लागतील. तराफ्यावरून हाताने दाबलेली नळी एवढ्या खोलवर जात नाही, खरं ड्रिलिंग यंत्र तळ्यावर न्यावं लागेल. आणि ते करताना लोणारच्या पाण्यातल्या जगावेगळ्या सूक्ष्मजीवांना बाहेरच्या पाण्याचा किंवा ड्रिलिंगच्या रसायनांचा धक्का लागू नये, याची तरतूद आधी करावी लागेल.